ठेवलेली दरज

एकदा एक पाथरवट होता. बारवा बांधणे हाच त्याचा धंदा आणि तोच त्याचा धर्म. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. हे आता सांगावे लागते, म्हणून सांगतो. साध्या विहिरीत घागर उतरते आणि माणूस काठावर उभा राहतो. बारवेत माणूस स्वतः उतरतो, पाण्यापाशी जाऊन वाकतो, आणि मग ओंजळ भरतो. म्हणून जुन्या लोकांनी ती देवळासारखी रचली. उतरायला पायऱ्या, दमलेल्याला टेकायला टप्पे, भिंतीत देवकोष्ठ आणि त्यात दिवा. एका अंगाने पायऱ्या असतील तर नंदा, दोन अंगांनी भद्रा, तीन अंगांनी जया, चारी अंगांनी विजया, अशी तिला नावेही लेकींसारखी दिली. हल्ली तिच्यात कचरा टाकतात. ते असो.

तर हा पाथरवट म्हातारा झाला होता. त्याचा एक शिष्य होता, सटवाजी नावाचा. मिसरूड फुटायच्या आधी तो म्हाताऱ्याकडे आला, आणि आता त्याच्या कानांवर पांढरे केस दिसू लागले होते. हात असा स्वच्छ की त्याने बसवलेल्या दोन चिऱ्यांमध्ये मुंगीसुद्धा वाट शोधत बसे. गुरूपेक्षा शिष्याचा हात सरस आहे, असे लोक म्हणत, आणि म्हाताराही म्हणे. पण सटवाजी कधी काही विचारीत नसे. बाबा म्हणाले उचल, की उचलले. बाबा म्हणाले ठेव, की ठेवले. का, म्हणून इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. याला तो भक्ती समजे.

म्हाताऱ्याच्या कमरेला पितळेचा एक ओळंबा असे. भिंत सरळ उभी आहे की नाही, हे दोरीला टांगलेला तो लट्टू सांगतो. त्या लोकांत अशी रीत होती की ज्याच्या कमरेला ओळंबा तो कारागीर, बाकीचे सगळे हात. म्हाताऱ्याला तो त्याच्या गुरूने दिला होता. आता ही शेवटची बारव, आणि तिचे पाणी पुजले की ओळंबा सटवाजीच्या कमरेला जाणार, हे उघड होते. कुणी तसे बोलत नव्हते एवढेच. सटवाजी मात्र झोपेतसुद्धा कमरेला हात लावून बघायचा.

उजाड माळावरची ही बारव बांधवून घेणारा एक व्यापारी होता. त्याची आई याच वाटेने माहेरी जायची, आणि दर खेपेला याच माळावर तहानेने तिचा जीव कासावीस व्हायचा. ती वारली तेव्हा त्याने तिच्या नावाने बारव बोलली. माळाखालच्या वस्तीतल्या बायका तोवर नदीवरून पाणी आणीत. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर, आणि तोंडात नशिबाला शिव्या.

उन्हाळ्यात खोदाई झाली. खाली काळा खडक लागला, आणि त्यावर मुरूम. सर्वांत खालचे थर म्हातारा नेहमी स्वतः लावी. त्या वेळी सटवाजी खाणीवर चिरे घडवीत असे, आणि तो बारवेत उतरेपर्यंत खालच्या थरांवर पाणी चढलेले असे. त्यामुळे गुरूने लावलेली खालची भिंत कोरडी अशी त्याने जन्मात पाहिलीच नव्हती. आता या गोष्टीतली सगळी गडबड इथूनच सुरू होते.

म्हाताऱ्याने खालचे थर लावले, आणि तेवढ्यात निरोप आला की लेक बाळंतपणाला टेकली आहे आणि ती एकटी आहे. म्हातारा निघाला. जाताना म्हणाला, "वरचं तू उचल. पायऱ्या, टप्पे, देवकोष्ठ. मी परत येतो तोवर होऊ दे."

"होय बाबा," सटवाजी म्हणाला.

तो बारवेत उतरला आणि जागीच थांबला. उगवतीकडची भिंत, जिच्या मागे डोंगराचा उतार, तिच्यात चिऱ्याचिऱ्यांत फटी होत्या. चिरे ओळंब्यात होते, एकमेकांत खाचा घालून पक्के अडकवलेले होते, पण दोन चिऱ्यांच्या मधे नख जाईल एवढी जागा मोकळी. चुन्याचा टिपूस नाही.

सटवाजीला एकदम सगळे कळले. म्हणजे त्याला तसे वाटले. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. मागच्याच महिन्यात त्याने खुंटीवर टांगलेल्या घोंगडीला, "काय रे, उभा काय राहिलास? पाणी आण," म्हणून दटावले होते. गडी हसले होते, आणि सटवाजीने त्यांना डोळ्यांनीच गप्प केले होते. आता हे. ज्या हाताने आयुष्यभर दगडाला दगड जोडला, त्याला जोड दिसेनासा झाला.

त्याच आठवड्यात व्यापारी काम बघायला आला. खाली उतरला, भिंतीवरून हात फिरवला, आणि त्याचे बोट फटीत अडकले.

"हे काय हो? ही फट कसली?"

सटवाजी घाईने म्हणाला, "काम राहिलंय शेटजी."

"राहिलंय की बिघडलंय? माझ्या आईच्या नावाची बारव आहे. फाटक्या लुगड्यात बसवणार का तिला?"

"बाबाच सांगून गेलेत," सटवाजी म्हणाला, "की दरजा तू भर म्हणून."

आयुष्यात तो पहिल्यांदाच खोटे बोलला, आणि तेही गुरूची लाज झाकण्यासाठी. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने बोललेले खोटे फार टिकाऊ असते. त्याला पाडायला मोठी पहार लागते.

मग त्याने चुना भिजवला. त्यात गूळ घातला, हिरड्याचे पाणी घातले, बेलफळाचा गर घातला, आणि घाण्यात असा मळला की लोण्यासारखा झाला. चिऱ्यांमधली एकेक दरज त्याने स्वतः भरली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वरून गारगोटीने घासली. भिंत आरशासारखी झाली. व्यापारी पुन्हा आला तेव्हा त्याला तिच्यात स्वतःची पगडी दिसली, आणि तो खूश होऊन गेला. सटवाजीही खूश होता. आता बाबा आले तरी त्यांना कळणार नाही, आणि कुणालाच कधी कळणार नाही, असे त्याला वाटले. वरचे काम त्याने देखणे उचलले. पायऱ्या, टप्पे, देवकोष्ठांवर कमळे.

पावसाळा लागला, आणि चांगला लागला. नदी दोन्ही थड्या भरून वाहू लागली, आणि म्हातारा लेकीच्या गावी पलीकडे अडकला. माळावरचे ओढे वाहिले. शिवारातल्या विहिरी काठोकाठ आल्या. नवी बारव मात्र तळाशी गुडघाभर पाणी घेऊन बसली. आश्विन उजाडला तरी पाणी पहिल्या टप्प्याला लागेना.

वस्तीत धुरपदा नावाची एक म्हातारी होती. तिच्या जिभेला हाड नव्हते. ती रिकामा हंडा घेऊन पायऱ्यांवर बसली आणि म्हणाली, "काय रे सटवाजी, ही बारव हाय का रांजण?"

"रांजण कसा आजी?"

"मग! गुळगुळीत, चकचकीत, आन् आत पाणी न्हाई. आम्ही नदीवरनं आणून वतायचं का ह्याच्यात?"

बायका हसल्या. सटवाजी हसला नाही.

व्यापाऱ्याने जोशी बोलावला. जोशी म्हणाला, जलदेवता रुसली आहे, बोकड मागते. व्यापारी माळकरी होता, त्याच्यापुढे मोठाच पेच पडला. दसऱ्याला जलपूजन ठरलेले. पाहुण्यांना आमंत्रणे गेलेली. आणि त्याच सुमारास सटवाजीच्या लक्षात आले की उगवतीच्या भिंतीने पोट काढले आहे. फार नाही, एक पोळी ठेवावी एवढा फुगवटा. पण भिंतीचे पोट माणसाच्या पोटासारखे नसते, ते उपाशी ठेवून कमी होत नाही.

सटवाजी रोज पहाटे जाऊन तिथे सुतळी लावून बघे. रोज फुगवटा केसभर वाढलेला. दोष दरजांचा नाही, त्या तर मी स्वतः भरल्या आहेत, असे तो मनाशी म्हणे. दोष चिऱ्यांचा. म्हणजे बाबांचा. भिंत पडली तर लोक म्हणणार, आंधळ्याने बांधली. न पडली तर म्हणणार, कोरडी बांधली. आणि ओळंबा? आंधळ्याचा ओळंबा कमरेला लावून कोण काम देणार? त्याचे जेवणखाण सुटले. तरीही त्याने कुणाला काही विचारले नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, उन्हे चांगली वर आल्यावर, म्हातारा बैलगाडीतून उतरला. हातात डिंकाच्या लाडवांचे गाठोडे. चेहरा नुसता फुललेला.

"नात झाली रे! अशी रडते, अशी रडते, की नदीचा पूर तिला भिऊन ओसरला. चल, बारव दाखव."

व्यापारी तिथेच होता. तो घाईघाईने पुढे झाला. "बाबा, बरं झालं आलात. काम अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण पाणी..."

म्हाताऱ्याने ऐकले न ऐकलेसे केले. एक हात भिंतीला लावून तो पायऱ्या उतरू लागला. देवकोष्ठापाशी थांबला. कमळाच्या पाकळ्यांवरून बोट फिरवले आणि "हं," म्हणाला. सटवाजीला माहीत होते, बाबांचे 'हं' म्हणजे दुसऱ्याचे पानभर कौतुक. पुढे टप्प्यावर पाय आपटून पाहिला. पुन्हा "हं."

मग तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने उगवतीच्या भिंतीवर तळहात ठेवला. हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला, वर गेला, खाली आला. चेहऱ्यावरचे हसू उतरले. त्याने भिंतीला कान लावला. बराच वेळ लावला. वर पायऱ्यांवर गडी, बायका, व्यापारी, सगळे वाकून बघत उभे.

"हिचे दिवस भरलेत," म्हातारा म्हणाला. "एक बाळंतपण उरकून आलो, तर इथं दुसरं मांडून ठेवलंय. वर कोण आहे ते सगळे काठावर जा. सटवाजी, छिन्नी आण. आणि हातोडा."

सटवाजीने दोन्ही आणली. म्हाताऱ्याने बोटांनी चाचपत छातीच्या उंचीवरची एक दरज शोधली, सर्वांत सुबक होती ती, आणि तिच्यावर छिन्नी टेकवून घाव घातला. गारगोटीने घासलेला चुना टवका होऊन पाण्यात पडला.

"अहो!" व्यापारी वरून ओरडला. "अहो बाबा, काय करताय? उद्या पूजा आहे!"

म्हाताऱ्याने दुसरा घाव घातला.

"थांबवा त्यांना कुणीतरी! सटवाजी, अरे तुझं काम आहे ते!"

तिसरा घाव घालून म्हातारा थांबला. छिन्नी शिष्याकडे धरली.

"आता तू. हिच्या शेजारची फोड. मग तिच्या शेजारची. वरची ओळ आधी, मग खालची. उलट केलंस तर दोघंही खपू."

सटवाजीने छिन्नी घेतली नाही. जन्मभर जे सांगितले ते केले, आणि आज पहिल्यांदा हात पुढे जाईना. बाबांना माझे काम खुपते का? गडी म्हणतात, शिष्याचा हात सरस, ते यांच्या कानावर गेले का? की ओळंबा द्यायचाच नाही? हे सगळे त्याच्या घशाशी आले आणि बाहेर पडताना त्याचा एकच शब्द झाला.

"का?"

बारवेत आवाज घुमतो. चारी भिंतींनी विचारले, का, का, का.

म्हातारा एकदम हसला. ज्याचे काम फुटत होते तो रडकुंडीला आला होता, ज्याची बारव होती तो काठावर नाचत होता, आणि हा हसला.

"आलं एकदाचं तोंडातून! मला वाटलं, मी मेल्यावर माझ्या पिंडाला विचारशील. ये, इकडं ये. हात ठेव. काय लागतं?"

सटवाजीने हात ठेवला. "थंड आहे."

"आणि?"

त्याने दुसरा हातही टेकवला. मग हळूच म्हणाला, "थरथरतंय, बाबा."

"पाणी आहे ते. डोंगराचं पाणी. या जमिनीत पाणी खालून वर येत नाही लेका, मुरूम आणि खडकाच्या मधून बाजूनं येतं. या भिंतीच्या मागं ते येऊन उभं आहे. बारवेत यायला निघालं, तर दार बंद. म्हणून ढकलतंय. आणखी दोनचार दिवस, आणि ते दार घेऊनच आत आलं असतं."

"पण त्या फटी..."

"फटी नव्हेत गाढवा. दरजा. ठेवलेल्या दरजा." म्हाताऱ्याने अंगठा त्याच्या डोळ्यांपुढे धरला. "या नखानं मोजून ठेवलेल्या. वरच्या भिंतीला चुना, ती पावसाला अडवते. खालच्या भिंतीला चुना नाही, ती पाण्याला वाट देते. दरज आपण ठेवायची असते. आपण ठेवली नाही की भेग पडते, आणि ती कुठं पडेल ते आपल्याला विचारून पडत नाही. दरज आणि भेग यांत एवढाच फरक आहे. बारव बांधायची म्हणजे तो समजायचा. बाकी काय, दगड गाढवंसुद्धा वाहतात."

सटवाजीची मान खाली गेली. "मला वाटलं, तुमचे डोळे..."

"हं. बोल."

"डोळे गेले म्हणून जोड सुटले. शेटजींच्या लक्षात आलं. तुमची लाज जायला नको, म्हणून मी भरलं. खोटंही बोललो. म्हटलं, तुम्हीच सांगितलंत."

काठावर व्यापाऱ्याचे नाचणे थांबले होते. म्हाताऱ्याने ओला हात आपल्याच तोंडावरून फिरवला.

"माझ्या लेकीनंसुद्धा माझी एवढी काळजी केली नाही," तो म्हणाला. "पण एक सांग. तुझ्या-माझ्यात मी काय ठेवलं होतं? तू विचारावंस, मी सांगावं, एवढी जागा ठेवली होती. न विचारता सांगणं म्हणजे भरल्या पोटी वाढणं, म्हणून मी गप्प राहायचो. तू काय केलंस? त्या जागेत मान भरलीस, भक्ती भरलीस, वरून गारगोटीनं घासलीस. कशी चकाकती भिंत झाली! पलीकडं मी उभा, अलीकडं तू कोरडा. घे आता छिन्नी. स्वतःचं सुंदर काम फोडायला जड जातं, मला ठाऊक आहे. पण वरची ओळ आधी."

सटवाजीने छिन्नी घेतली. पहिला घाव चाचरत पडला, दुसरा नीट बसला. दरज मोकळी झाली आणि तिच्यातून पाण्याची एक बारीक धार त्याच्या तोंडावर उडाली. गढूळ, गार, मातीच्या वासाची. मग दुसरी. मग तिसरी. ओळ पुरी झाली तेव्हा भिंतीला जागजागी झरे फुटले होते, आणि गुरुशिष्य त्यात उभे राहून न्हात होते. खालची ओळ त्यांनी पाण्याखाली चाचपून फोडली, तोवर दुपार झाली. मग पाणी कमरेला लागले तसे दोघे एकेक पायरी मागे सरकत गेले. भिंतीची थरथर थांबली. फुगवटा तसाच राहिला, पण वाढायचा थांबला.

धुरपदा केव्हाच खाली येऊन पायरीवर बसली होती. तिने हंडा बुडवला, भरला, उचलला, आणि वर बघून म्हणाली, "शेटजी, तुमच्या बोकडाला सांगा, वाचला म्हणावं."

दसऱ्याला जलपूजन झाले. पाणी पहिला टप्पा ओलांडून वर आले होते आणि त्यात झेंडूची फुले तरंगत होती. व्यापाऱ्याने आईच्या नावाने पहिली ओंजळ सोडली, आणि तो नुसता नमस्कार करीत राहिला. लोक एकमेकांना आपट्याची पाने देऊ लागले, सोने घ्या, सोन्यासारखे राहा. सटवाजी एका टप्प्यावर दूर बसला होता. ओळंब्याची आशा त्याने कालच्या पाण्यात सोडून दिली होती, आणि नवल असे की त्याला हलके वाटत होते.

म्हातारा भिंत चाचपत त्याच्याजवळ आला आणि त्याच्या तळहातावर काहीतरी जड ठेवले.

"सोनं घे."

पितळेचा लट्टू होता. दोरीसकट.

"बाबा, मी तर भिंत बिघडवली."

"भिंत पोट काढून उभी राहील. तुला बघितलं की तेवढं पोट दाखवील, म्हणजे तू विसरणार नाहीस. हा मी सरळ भिंतीसाठी देत नाही. सरळ भिंत तू दहा वर्षांमागंच बांधत होतास." तो टेकून बसला, पाय लांब केले. "काल 'का?' म्हणालास ना, त्याचं हे उत्तर."

सटवाजीने दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. पहिल्यानंतर दुसरा सोपा जातो.

"बाबा, खरंच दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही रे," म्हातारा आरामात म्हणाला. "दोन वर्षं झाली. ओळंब्याची दोरी दिसत नाही, तुझं तोंड दिसत नाही. त्या घोंगडीला मी तूच समजलो होतो. तीही उत्तर देत नव्हती."

सटवाजी हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि ते म्हाताऱ्याला दिसले नाहीत. पण म्हाताऱ्याने हात पुढे करून बरोबर त्याच्या खांद्यावर ठेवला. खाली बायका पाणी भरत होत्या, हंड्यांचा आवाज भिंतींत घुमत होता. दोघे डिंकाचे लाडू खात तिथेच बसून राहिले.

पुढे सटवाजीने पुष्कळ बारवा बांधल्या. कामावर आलेला नवा माणूस फार नम्र दिसला, नुसताच होय बाबा होय बाबा करू लागला, की तो त्याला चिरा उचलू देत नसे. म्हणे, आधी मला काहीतरी विचार.

ती बारव अजून उभी आहे. तिच्या खालच्या थरांत दोन चिऱ्यांमध्ये नख जाते. तुमच्या घरातली भिंत फारच गुळगुळीत झाली असेल, तर एकदा हात ठेवून बघा, थरथरते का.